कुसाबाईंची कोनशिला

कुसाबाईंकडे काही काम घेऊन गेलं, की आधी त्या तुम्हाला काम देत. मखमलाबादच्या त्यांच्या ओट्यावर मेथीचा नाहीतर शेपूचा ढीग पडलेला असे. तुम्ही बसलात की केळीच्या सोपटाचे दोरे तुमच्या पुढ्यात सरकत, "हां, बोला आता" असं म्हणून त्या स्वतः जुडी बांधायला घेत, आणि तुमच्या रिकाम्या हातांकडे बघत राहत. फार वेळ कुणाला ते सोसत नसे. पोलिओच्या मोहिमेवरचे डॉक्टर त्या ओट्यावर बसून गेले, साक्षरता वर्गाचे गुरुजी बसून गेले, एक तहसीलदार बसून गेले. नवऱ्याशी भांडून आलेल्या सुना बसल्या आणि त्यांना न्यायला आलेले नवरेही बसले. समोरासमोर बसून दोघं शेपूच्या जुड्या बांधायला लागली की भांडणाचा जोर टिकत नाही, असा कुसाबाईंचा अनुभव होता. जुड्या मात्र त्या दिवशी जरा जास्तच घट्ट बांधल्या जात.

कुसाबाईंचं माहेर दिंडोरीकडचं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला नवरा सावळीराम, झेंडूचे वाफे, विहिरीत निम्मा हिस्सा आणि सासू ठमाबाई एवढं आलं. यातलं सगळ्यात टिकाऊ काय निघालं ते पुढे येईलच. सावळीराम बोलण्याच्या बाबतीत काटकसरी होते. "बघ बाई" हे त्यांचं कुठल्याही प्रश्नावरचं उत्तर. मुलगा वाल्मीक पास झाला तेव्हा ते हेच म्हणाले आणि नापास झाला तेव्हाही हेच. घरातलं बाकीचं सगळं बोलणं सासू-सुनेवर येऊन पडलं, आणि दोघींनी ती जबाबदारी कधी टाळली नाही.

"कुसे, तुझ्या माहेरी वांग्यात मीठ घालत नाय का?"

"घालत्यात की आत्याबाई. पण तिथं सासू जेवताना बोलत नाय, म्हणून चव लागती."

शेजाऱ्यांना सुरुवातीला वाटे, आज काही खरं नाही, चूल वेगळी होणार. ती कधीच झाली नाही. पहाटे दोघी एकाच टेम्पोच्या हौद्यात, एकाच कॅरेटला दोन बाजूंनी टेकून पंचवटीत येत आणि एकाच गोणपाटावर बसून भाजी विकत. ठमाबाई गिऱ्हाइकाशी गोड बोलत आणि सुनेशी तिखट. कुसाबाई भेदभाव करत नसत. त्या दोघांशीही तिखटच बोलत.

समाजसेवेत त्या आल्या त्याही आवाजामुळे. नव्वदच्या सुमाराला गावोगाव महिला मंडळं काढायचा हुकूम वरून कुठून तरी आला. जी बाई अधिकारी म्हणून आली तिला संध्याकाळच्या बसच्या आत एक अध्यक्ष हवी होती. "अध्यक्ष कोण होणार?" असं तिने देवळात जमलेल्या बायकांना विचारलं, आणि नेमक्या त्याच वेळी देवळामागून कुसाबाई एक म्हैस आणि तिचा मालक या दोघांना एकाच दमात झापत येत होत्या. सगळ्या बायकांनी तिकडे पाहिलं. अधिकारीण बाईने नाव लिहून घेतलं. निवडणूक झाली ती एवढीच. पुढे दुसरी झाली नाही, कारण ती घ्यायची का हे विचारायला जो जाई त्याच्यापुढे मेथी येई.

अशा रीतीने निवडून आलेला माणूस एरवी फोटो काढतो आणि गप्प बसतो. कुसाबाईंनी पद मनावर घेतलं. गावात कुणाचं माणूस गेलं की त्या घरी भाकऱ्या पोचवायच्या पाळ्या लावल्या. अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला कोणाची जीप कोणत्या वारी मोकळी असते, हे त्यांना जीपवाल्यांच्या आधी माहीत असे. गावच्या गुत्त्यासमोर त्या मंडळाच्या बायकांना घेऊन भाजी निवडत बसल्या. घोषणा नाहीत, दगड नाहीत, नुसती भाजी. पण स्वतःच्या बायकोच्या पायाशी पसरलेली कोथिंबीर ओलांडून आत जायचं गिऱ्हाइकांना जड जाऊ लागलं. थोड्या दिवसांनी गुत्तेवाल्याने गाव बदललं. ठमाबाई तिथेही येऊन बसत. येताना म्हणत, "हिला घरात काम नको, म्हणून ही भानगड." आणि सगळ्यांत जास्त जुड्या त्यांच्याच व्हायच्या.

एक काम मात्र होत नव्हतं, आणि कुसाबाईंना तेच सगळ्यांत जास्त हवं होतं.

त्या ज्या बाजारात बसत त्याला वडाखालचा बाजार म्हणत. वड रस्त्याच्या रुंदीकरणात गेला होता. सावली गेली, नाव राहिलं. पंचवटीत एका गल्लीच्या तोंडाशी बायका पहाटे अंधारात येऊन बसत त्या दुपार कलल्यावर उठत. या सगळ्या वेळात त्यांना जायला जागा नव्हती. पुरुषांची सोय निसर्गाने आणि एका लांबलचक भिंतीने केली होती. बायकांनी स्वतःपुरता उपाय काढला होता, तो म्हणजे पाणी न पिणे. आदल्या संध्याकाळपासूनच घोट आवरते घ्यायचे. भर एप्रिलात कलिंगड विकणारी बाई स्वतः फोड तोंडात टाकत नसे. मूतखड्यावरची झाडपाल्याची औषधं त्या बाजारात तोंडपाठ होती. ठमाबाईंच्या ओटीपोटात तर तरुणपणापासून कळ येई. तिला त्या "आपली कळ" म्हणत, घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

"आज आपली कळ लवकर उठली," असं टेम्पोत बसता बसता सांगत.

एक्क्याण्णवच्या सिंहस्थात चमत्कार झाला. यात्रेकरूंच्या सोयीसाठी बाजाराच्या मागे पत्र्याचे संडास उभे राहिले. खाली फरशी, मागे ड्रेनेजची जोडणी, नळाला पाणी. यात्रेकरू त्यात किती गेले कुणास ठाऊक. बाजारातल्या बायका गेल्या. त्या हंगामात चहाच्या टपरीवाल्याने दुसरा स्टोव्ह आणला, कारण ज्या बायका वर्षानुवर्षं "नको, नको" म्हणत आल्या होत्या त्या दोन-दोन कप घेऊ लागल्या. मग सिंहस्थ संपला. एक ट्रक आला, पत्रे भरले आणि गेला.

"साधू गेले, सुख बी गेलं," ठमाबाई म्हणाल्या. "आता बारा वरसं धरून ठेवा."

कुसाबाई अर्ज घेऊन गेल्या. कोणत्या कार्यालयात, ते सांगून उपयोग नाही. टेबल सगळीकडे सारखंच असतं.

"बाई, ती व्यवस्था तात्पुरती होती," टेबलामागचे गृहस्थ म्हणाले.

"व्हय साहेब. पण आमची अडचण कायमची हाय."

"कायमस्वरूपी बांधकामाला तिथं जागा नाही."

"जागा हाय म्हणून तर तात्पुरतं उभं राहिलं होतं."

या मुद्द्यावर गृहस्थांनी चहा मागवला. कुसाबाईंनी घेतला नाही. बाजारात परत जायचं होतं.

पुढची बारा वर्षं मंडळ इतर कामं करत राहिलं आणि मधूनमधून हा अर्ज देत राहिलं. वाल्मीकने शहरात द्वारका चौकाजवळ खता-बियाण्यांचं दुकान टाकलं. त्याची बायको मंजुषा बाजारात बसायची ती दुकानात बसू लागली. त्यांची मुलगी स्नेहल शाळा संपवून कॉलेजात गेली. ठमाबाईंनी साक्षरता वर्गात जाऊन स्वतःचं नाव वाचायला शिकून घेतलं आणि तेवढं पुरे म्हणून वर्ग सोडला.

दोन हजार तीनचा सिंहस्थ आला तेव्हा बाजारामागे पुन्हा पत्रे उभे राहिले. ते ठोकले जात होते तेव्हाच कुसाबाई ते निघणार कसे नाहीत याचा विचार करत होत्या. पहिल्याच सकाळी त्यांनी बायकांना जमवलं. हे आपण स्वच्छ ठेवायचं, रोज एकीची पाळी, असं सांगितलं. मग झाडू आधी कोण धरणार, या प्रश्नावर जी शांतता पसरली ती सभेत सहसा श्रद्धांजलीच्या वेळीच असते. आपल्या समाजात बायका शेणात हात घालतात, चिखलात घालतात. हे काम मात्र त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने पिढ्यान्‌पिढ्या ठरवून टाकलेलं असतं. कुसाबाईंनी पदर खोचला, झाडू आणि बादली घेतली आणि आत गेल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हात झडले नाय माझे. उद्या कोण?" दुसऱ्या दिवशीचं नाव मिळालं.

पण झाडूने ट्रक अडत नाही. ट्रक कशाने अडतो, हे कुसाबाईंना सुचलं ते शहरातून चालताना. त्यांनी पाहिलं की या गावात रस्ता खोदतात, झाड तोडतात, माणसाचं घर पाडतात. पण ज्यावर कोनशिला आहे अशा गोष्टीला कुणी हात लावत नाही. एका बागेतल्या बाकाची फळी केव्हाच गेली होती, पण "यांच्या शुभहस्ते" असं कोरलेला दगड शाबूत होता. एक बसथांबा असा होता की तिथे बस येणं बंद होऊन मुलं शाळा शिकून मोठी झाली; थांबा उभा होता, कारण त्याच्या कपाळावर नाव होतं. कारंजं कोरडं, पण शिला पुसलेली. कुसाबाईंनी तडक जाऊन पाथरवटाकडे काळ्या दगडाची कोनशिला सांगितली. मजकूर सांगितला: महिलांसाठी स्वच्छतागृह, वडाखालचा बाजार, उद्घाटन अमुक यांच्या शुभहस्ते. अमुकच्या जागी काय घालायचं ते मागाहून कळवते म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं, नाव मिळणं हा यातला सगळ्यात सोपा भाग.

नगरसेवक सहादूभाऊंना त्यांनी ओट्यावर बोलावलं. भाऊंचं नाव त्या भागात विजेच्या खांबांपेक्षा जास्त ठिकाणी होतं. माणूस शेतकऱ्याच्या घरातला. न सांगता जुड्या बांधायला लागला.

"भाऊ, तुमचं नाव टाकायचंय एका ठिकाणी."

"टाका की आक्का. विचारायचं काय त्यात? कशावर?"

"संडासावर."

भाऊंच्या हातातली जुडी सुटली.

"आक्का, आपण असं करू. पाणपोई काढू. झकास. मी येतो नारळ फोडायला."

"पाणपोई नको भाऊ. पाणी पिण्याचीच तर भीती हाय."

"तसं नाय, पण समोरची पार्टी काय म्हणेल? पोरं फोटो छापतील. निवडणूक तोंडावर हाय."

"मग तुमच्या वडलांचं टाकू."

"वडील देवमाणूस होते आक्का."

"मग काय झालं? देवमाणूस जात नव्हते का?"

भाऊंनी उरलेली मेथी घाईने बांधली आणि एका लग्नाला जायचं आठवून ते गेले. बाजारातले बडे अडते मोतीरामशेठ यांनी आपल्या आजोबांच्या नावाने धर्मशाळा आहे, एक नाव दोन ठिकाणी बरं दिसत नाही, असं सांगितलं. बाजाराजवळ तंबू ठोकलेल्या एका महाराजांनी सांगितलं की आम्ही नाम आणि रूप दोन्हींचा त्याग केला आहे. हे ते ज्या फलकाखाली बसून बोलले त्यावर त्यांचं नाव आणि रूप दोन्ही रस्त्याच्या पलीकडून दिसत होतं. दगड ओट्याला टेकून उभा राहिला, मधली ओळ कोरी ठेवून.

सिंहस्थ आटोपत आला. तंबू उतरले, झेंडे उतरले. दिवाळीनंतर ठेकेदाराचा ट्रक पत्रे न्यायला येणार, अशी पक्की बातमी चहाच्या टपरीवर आली. त्या संध्याकाळी घरात सगळे जेवायला बसले होते.

"सगळं हाय. दगड हाय, दोन गोणी सिमेंट हाय," कुसाबाई म्हणाल्या. "एका नावापायी हातचं जाणार."

ठमाबाई कोपऱ्यात दुधात भाकरी कुस्करत बसल्या होत्या. नव्वदीच्या त्या अलीकडे होत्या की पलीकडे, हे त्यांनाही सांगता येत नसे.

"माझं टाक," त्या म्हणाल्या.

"काय टाकू आत्याबाई, दूध?"

"नाव. माझं नाव टाक. मला काय निवडणुकीत कुणी पाडणार नाय."

वाल्मीकचा घास हातातच राहिला. "मोठी आई, तू जेव गप. लोक तिथं कशासाठी जाणार आणि भिंतीवर तुझं नाव वाचणार. बरं दिसतं का ते?"

"देवळाच्या पायरीवर नावं टाकत्यात. त्याच्यावर तर पाय देऊन जात्यात लोक. ते बरं दिसतं?"

"देऊळ वेगळं."

"देवळात मी कधीमधी गेले रे. इथं रोज जायचं होतं, तर जागाच नव्हती."

वाल्मीक आईकडे वळला. "रविवारी चांदवडचे पाहुणे येणारेत स्नेहलला बघायला. मोठं घर हाय, कांद्याची चाळ हाय. उद्या त्यांनी पंचवटीत ते वाचलं, आणि मला विचारलं की हे कोण, तर मी काय सांगू?"

"पणजी सांग," ठमाबाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलतो?"

स्नेहल हसली. मग मंजुषा, जी चुलीपाशी भाकरी थापत होती आणि सासूसमोर नवऱ्याला सहसा उलट बोलत नसे, ती पाठमोरीच म्हणाली, "स्नेहलच्या वेळी मला सातवा महिना होता. मोठ्या आई आणि आई दोघी लुगडं आडवं धरून उभ्या राहायच्या, मोतीरामशेठच्या गाळ्यामागं. तो कुत्रा सोडायचा."

वाल्मीकने घास ताटात परत ठेवला. हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी सावळीरामांकडे पाहिलं. आई त्यांची होती. सावळीरामांनी पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "टाका." घरात त्यांचा इतका स्पष्ट निर्णय कुणी ऐकला नव्हता, त्यामुळे कुणी फेरविचार मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी पाथरवटाने नाव ऐकून छिन्नी उचलली आणि सवयीने विचारलं, "आधी कैलासवासी टाकायचं ना?"

"अजून नाय," कुसाबाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी हे सासूला सांगितलं. "त्याला लय घाई हाय का?" ठमाबाईंनी विचारलं. "म्हणावं, दगड तयार ठेव, माणूस अजून वापरात हाय."

उद्घाटनाचा मुहूर्त कुसाबाईंनी रविवारचाच धरला. त्यांना पाहुण्यांपासून काही लपवायचं नव्हतं, आणि बँडवाला त्याच दिवशी मोकळा होता. बँडशिवाय उद्घाटन झालं तर ते कुणाला कळणार नाही, आणि कुणाला कळलं नाही तर ते झालं नाही, हे तत्त्व त्यांनी सहादूभाऊंच्या कार्यक्रमांवरून उचललं होतं. आदल्या दिवशी पत्र्यांच्या दाराशी विटांची छोटी भिंत बांधून दगड तिच्यात बसवला होता. सावळीरामांनी वाफ्यातला झेंडू कापून पहाटेच पत्र्यांवर तोरणं चढवली. लांबून पाहणाऱ्याला तिथे एखाद्या देवीची स्थापना आहे असं वाटलं असतं, आणि दोघेतिघे खरंच चप्पल काढून आले.

चांदवडचे पाहुणे वेळेआधी मखमलाबादला पोचले, तर घराला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, सगळे पंचवटीत गेलेत, पणजीच्या हातून उद्घाटन आहे. कशाचं, ते शेजाऱ्यांनी सांगितलं नाही. पाहुण्यांवर त्याचा फार चांगला परिणाम झाला. जीप तशीच पंचवटीकडे वळली. मुलाची आई नवसाबाई उतरली आणि गर्दीत शिरून दगडावरचा मजकूर वाचू लागली. वाल्मीक तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला. चेहऱ्यावर काहीच दिसेना.

ठमाबाईंना खुर्चीत बसवून आणलं होतं. त्यांनी दगडावरच्या आपल्या नावावरून बोट फिरवलं, अक्षरं बरोबर आहेत अशी मान हलवली आणि विळ्याने फीत कापली. बँड सुरू झाला. त्याला लग्नाचीच गाणी येत होती, ती त्याने मनापासून वाजवली. सहादूभाऊही आले होते. बँडचा आवाज आला की त्यांना घरात बसवत नसे. फोटोत पत्रा येणार नाही इतक्या अंतरावर ते उभे राहिले.

फीत कापून झाल्यावर मान्यवर भाषण करतात. ठमाबाई काठी टेकत आत गेल्या आणि त्यांनी कडी लावली.

गर्दीला काय करावं कळेना. टाळ्या वाजवाव्यात की नाही, यावर एकमत होईना. बँडने गाणं संपवलं आणि कुसाबाईंकडे पाहिलं. कुसाबाईंनी हाताने चालू राहू दे अशी खूण केली. दुसरं गाणं झालं. तिसरं सुरू झालं. वाल्मीकला राहवेना. तो दाराशी गेला आणि हळूच म्हणाला, "मोठी आई, बरी हायस ना?"

"गप रं," आतून आवाज आला, आणि तो बाहेरच्या सगळ्यांना ऐकू आला. "जन्मभर घाईत उरकलं. आज निवांत बसलेय."

आधी बायका हसल्या. मग बँडवाले हसले, त्यामुळे गाणं मधेच तुटलं, आणि मग सगळा बाजार. हसता हसता काही बायका डोळे पुसत होत्या, ते हसण्यामुळेच असावं. सहादूभाऊ नकळत पुढे येऊन पत्र्यापाशी उभे राहिले होते. फोटोवाल्याने त्यांना तिथे टिपलं.

ठमाबाई बाहेर आल्या तेव्हा बँडने सलामी दिली. नवसाबाई पुढे होऊन कुसाबाईंना म्हणाली, "पुढचा नंबर कुणाचा?"

"तुमचा. पाहुण्या तुम्ही."

"चांदवडपासून तशीच आलेय," असं म्हणून ती आत गेली. वाल्मीक पाहुण्यांसाठी कॅरेट जमवायला धावला. मुलगी बघण्याचा कार्यक्रम मग बाजारातच, उलट्या घातलेल्या कॅरेटांवर बसून झाला. स्नेहलनेही मुलाला दोन प्रश्न विचारले. त्यातला एक त्यांच्या कांद्याच्या खळ्यावर कामाला येणाऱ्या बायकांची सोय काय, असा होता. मुलाने आईकडे पाहिलं. आईने सांगितलं, आजवर काही नाही, म्हणूनच विचार पडलाय. लग्न पुढच्या वैशाखात झालं.

पण ट्रक यायचा होता, तो आलाच. मुकादमाचं नाव समाधान. खाली उतरून त्याने पाहिलं तर भिंतीत कोनशिला, कोनशिलेला ताजा हार, आणि समोर बायका मेथी निवडत बसलेल्या. आरडाओरडा होईल अशी त्याची तयारी होती. तो झाला नाही.

"काढा की," कुसाबाई म्हणाल्या. "आम्ही कशाला अडवू? तेवढं ते नाव कुठं ठेवायचं, ते साहेबांना विचारून घ्या. उद्या तुमच्यावर यायला नको."

समाधानने मोबाईल काढला आणि बाजूला जाऊन बोलू लागला. बाजू फारशी लांब नव्हती.

"साहेब, इथं कोनशिला आहे... नाही, आपली नाही... ठमाबाई म्हणून आहेत... पक्ष लिहिला नाही साहेब." मग त्याने फोनवर हात ठेवून विचारलं, "आजी, या ठमाबाई कुठं असतात?"

"मखमलाबादला. पण आता त्या कुणाला भेटत नाय," कुसाबाईंनी सांगितलं. ते खरंच होतं; ठमाबाई उद्घाटनाच्या दगदगीने अंथरुणावर पडून होत्या.

"साहेब, त्या कुणाला भेटत नाहीत म्हणे." मग तो पुन्हा कुसाबाईंकडे वळला. "कुणाच्या आहेत म्हणून विचारतायत."

"सावळीरामांच्या मातोश्री."

"सावळीरामांच्या मातोश्री, साहेब... ते कोण, म्हणून विचारतायत साहेब."

"ते फार बोलत नाय," कुसाबाई म्हणाल्या. हेही खरं होतं.

समाधानने तेही शब्दशः पोचवलं. पलीकडचे साहेब त्यांच्या वरच्या साहेबांशी बोलले असणार, कारण बराच वेळ समाधान फोन कानाला लावून नुसता उभा होता. तेवढ्यात समोरच्या बायकांनी त्याच्याकडून चार जुड्या बांधून घेतल्या. ठमाबाई कोण हे आपल्याला माहीत नाही, असं वरपासून खालपर्यंत कुणालाच म्हणायचं नव्हतं. शेवटी निरोप आला: ते सोडून बाकीचं भरा. ट्रक बांबू आणि कठडे घेऊन निघून गेला.

पत्रे तीन पावसाळे टिकले. मग, ज्याला जागा नव्हती ते पक्कं बांधकाम त्याच जागेवर झालं, विटांचं, टाइल्स लावलेलं. त्या काळात कुसाबाई दोनदा चांदवडला जाऊन आल्या. नवसाबाईने खळ्याच्या कडेला बांधायला घेतलं होतं आणि तिला चार धीराचे शब्द हवे होते, ते कुसाबाईंनी गवंड्याला ऐकवले. इकडे सहादूभाऊ दुसऱ्यांदा निवडून आले होते. पत्र्यापाशी टिपलेला त्यांचा तो फोटो प्रचारात बराच चालला. ते आपणहून ओट्यावर आले.

"आक्का, आता पक्कं झालंय. माझं नाव टाकायला हरकत नाय."

"जागा हाय ना भाऊ," कुसाबाई म्हणाल्या. "आतल्या बाजूला."

एक तरुण अभियंता मात्र अडून बसला. नव्या बांधकामाला नवी कोनशिला हवी, आणि आधीच्या उद्घाटकापेक्षा वरच्या पदाची व्यक्ती हवी, असं तो म्हणाला.

"चालंल की," कुसाबाई म्हणाल्या. "ठमाबाईंच्या वरचं कोण, तेवढं ठरवून सांगा. आम्ही बोलावतो."

अभियंत्याने कार्यालयात विचारलं. तिथे अजूनही कुणाला नक्की काही माहीत नव्हतं. जुनाच दगड धुऊन नव्या भिंतीत बसवला गेला.

त्या दिवशी कुसाबाई घरी आल्या तेव्हा ठमाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. "काढलं का ठेवलं?" त्यांनी विचारलं.

"ठेवलं आत्याबाई."

"मग उद्या घेऊन चल मला."

"डॉक्टर हलू नका म्हणलेत."

"डॉक्टर बाजारात बसतो का?"

सकाळी टेम्पोच्या हौद्यात कॅरेटांच्या मधे खुर्ची ठेवून त्यांना नेलं. सावळीराम एका बाजूने धरून, कुसाबाई दुसऱ्या बाजूने. बायका जागेवरून उठून बाजूला झाल्या. ठमाबाई आत गेल्या, आणि या वेळीही त्यांनी घाई केली नाही. त्या बाहेर आल्यावर सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. टाइल्स, नळ, दिवा, सगळं नवं होतं. काहीतरी बोलणं भाग होतं.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "पण कुसे, पत्र्याचं बरं होतं. आत बँड ऐकू यायचा."